भिंतीची ऊब

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बसमधून उतरताना हत्यारांची पेटी पायावर आदळली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते चर्चच्या कामावर आलेल्या बाईला शोभणारं नव्हतं. पाळककाका मला न्यायला स्वतः थांब्यावर आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. केस पार पांढरे झालेत, चालताना एक खांदा पडतो, पण हसणं तेच, आमच्या गावी होते तेव्हाचं. पेटी उचलायला वाकले तर मी हिसकावूनच घेतली. उगाच कंबर धरून बसले असते आणि ऑर्गनच्या आधी त्यांनाच दुरुस्त करावं लागलं असतं.

खोली झकास आहे. चर्चची मागची भिंत लांबच लांब आहे आणि गल्लीतली सगळी घरं तिला पाठ लावून उभी आहेत. माझ्या खोलीचीही एक भिंत तीच. बाहेर हात बधिर करणारी थंडी, आणि ही भिंत मात्र कोमट. गल्लीत कुणाकडे शेगडी नाही की धुराडं नाही. टेकडीच्या पोटात गरम पाण्याचे झरे आहेत, देवाची कृपा, असं घरमालकीण मावशी म्हणाल्या. त्या स्वतः दिवसभर त्या भिंतीला पाठ टेकून विणकाम करतात. गोल चेहरा, गुबगुबीत हात, तोंडाचा पट्टा अखंड चालू. नवरा वारलाय. आल्या आल्या मला दोनदा सूप वाढलं, आणि पुन्हा नको म्हटलं तर रुसल्या.

पलंग ओढून भिंतीला लावलाय. किती वर्षांनी पाय गरम करून झोपणार आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऑर्गन म्हातारा आहे पण खानदानी. नळ्यांवर बोटभर धूळ, भात्याचं चामडं जागोजागी तडकलेलं, एका लाकडी नळीत उंदरीण बाळंत होऊन गेलेली. हे सगळं माझ्या हातचं काम. खरी तक्रार वेगळीच आहे. पट्टी दाबलेली नसतानाही एक सूर वाजत राहतो. आमच्या धंद्यात त्याला रडका सूर म्हणतात. कुठेतरी कचरा अडकतो, झाकण पुरतं बसत नाही, हवा निसटते आणि नळी रडत बसते. पण भात्यातली सगळी हवा काढून टाकली तरी हा रडतोच आहे. पाळककाका म्हणाले, बाकी काही नाही झालं तरी चालेल मुली, हा सूर तेवढा बंद कर. एकच गोष्ट तीनदा सांगितली. वय झालंय.

दादा असता तर या सुरावर दिवसभर जोक मारले असते. आईबाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, वेण्या घातल्या (वाकड्या), आणि हा धंदा शिकवला. सूर लावताना आधी तो नाकातून गुणगुणत तो सूर धरायचा, आणि दरवेळी केसभर उतरलेला धरायचा. मी ओरडायची, चढव. मग चढवायचा आणि टाळूला जीभ लावून टक् करायचा. देवळाबिवळाचं त्याला वावडं नव्हतं, सगळं आयुष्य चर्चमध्येच हातोडी घेऊन गेलं. पण उपासनेला बसणं त्याने सोडलं होतं. कायमच्या नरकाची गोष्ट त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हती. म्हणायचा, फुटकी नळीसुद्धा मी कायमची वाया गेली म्हणून फेकत नाही, मग ज्याने माणूस घडवला त्याला माझ्याइतकंही जमू नये?

तो गेला त्या दुपारी शुद्धीवर होता. पाळकांना बोलाव म्हणाला. मी धावत गेले, पाळककाका दारात आले, म्हणाले तू तशीच डॉक्टरांकडे जा, मी त्याच्याकडे जातो. डॉक्टरांना घेऊन घरी आले तर पाळककाका पायरीवर उभे. म्हणाले, मी वेळेवर पोचलो, त्याने पश्चात्ताप केला, शेवटी मान हलवली, तो प्रभूच्या विसाव्यात गेला. त्या हललेल्या मानेवर मी इतकी वर्षं काढली. पुढे त्यांची बदली इकडे झाली तरी दरवर्षी माझी चौकशी करतात. सख्खे काका असे नसते वागले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडला चोर! ऑर्गनच्या मागे, भात्याच्या अंगाला, भिंतीत एक बुटकी लोखंडी झडप आहे. झऱ्याची वाफ तपासायला पूर्वी ठेवली असेल. तिच्या कडेच्या फटीतून गरम हवा येते आणि सरळ जवळच्या नळीच्या तोंडात शिरते. ऑर्गन बिचारा निर्दोष. रडका होता तो भिंतीतला वारा.

लोकरीचा जाड नमदा कापला, सरस लावला, फटीत ठासून भरला, वर चामड्याची पट्टी ठोकली. इतकं सफाईदार काम झालंय की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. सूर हळूहळू दबत गेला आणि बंद झाला. पाळककाका बाकावर बसून चक्क रडले. माझे हात हातात घेऊन देव तुझं भलं करो म्हणाले. चार थेंब सरस लावायचा आणि एवढे आशीर्वाद, हा धंदा काही वाईट नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

उपासनेत ऑर्गन मस्त वाजला. त्यानंतर इथली एक रीत पाहिली. आशीर्वाद झाला की कुणी उठून घरी जात नाही. सगळी मंडळी आपापल्या खुर्च्या उचलतात, मागच्या भिंतीशी नेतात, आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसतात. याला टेकणं म्हणतात. शिंपी, दूधवाला, शाळेतल्या बाई, पाळककाकांची बायको पाळकबाई, सगळे एका ओळीत. कुणी बोलत नाही. हळूहळू सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हसू येतं. पोटभर जेवल्यावर येतं तसं.

मलाही एक खुर्ची दिली. पाठीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हसायला मात्र आलं नाही. सगळ्यात प्रसन्न पाळककाका दिसत होते. मावशी म्हणाल्या, त्यांना टेकता येत नव्हतं बरेच दिवस, तू आल्यापासून जमलं बघ.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझ्या खोलीत सूर येतोय. तोच. चर्चमधली फट बुजवली म्हणून वारा इकडे कुठून वाट काढत असेल, असं म्हणून दोन दिवस दुर्लक्ष केलं. भिंतीला कान लावला तर स्पष्ट. दबलेला, नाकातला. आणि केसभर उतरलेला.

आज सकाळी केस विंचरताना सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, चढव.

सूर चढला. बरोबर जिथे हवा तिथे येऊन थांबला. आणि मग भिंतीत टक् असा आवाज आला.

फणी कुठे पडली आठवत नाही. दुपारभर बाहेर बाकावर थंडीत बसून राहिले. वाऱ्याला ऐकू येत नाही. वारा सूर सुधारत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मावशींना विचारलं, भिंतीत काय आहे. त्यांनी विणकाम थांबवलंसुद्धा नाही. झरेबिरे काही नाहीत म्हणाल्या, ते नव्या माणसाला सांगायचं असतं. ज्यांचं तारण झालं नाही ते सगळे तिकडे आहेत, आणि ही त्यांची ऊब. ज्याला त्याला आपापलं माणूस ऐकू येतं. त्यांना त्यांचे यजमान ऐकू येतात. चांगला होता माणूस, कधी आवाज चढवून बोलला नाही, पगार आणून हातावर ठेवायचा, फक्त चर्चला म्हणून फिरकला नाही. पहिला हिवाळा त्यांनी डोकं आपटून घेतलं होतं म्हणे या भिंतीवर. कपाळावरची खूण दाखवली.

“मग सवय झाली गं. आता त्यांचं ओरडणं कानावर आलं नाही तर मला डुलकी लागत नाही.”

आणि उलट सुलट टाके मोजत राहिल्या. मी उठून बाहेर आले. 

जगला किती, वाईट वागला किती? एखाद्याने सगळं आयुष्य मन लावून वाईटपणा केला तरी त्याला शेवट असतो, म्हातारपण येतं, हात थकतात. शिक्षेचे हात थकत नाहीत? शाळेत उभं करतात तेही घंटा होईपर्यंत. आणि दादाने तर मान हलवली होती. मग तो तिकडे कसा? नक्की दुसरं कुणीतरी आहे. कुणाचाही सूर उतरू शकतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

चर्चमध्ये गेले. चामड्याची पट्टी उपटली, नमदा ओढून काढला. बोटं भाजली. सफाईदार काम! आठवडाभर मी माझ्या हाताने त्याच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होता.

फटीला तोंड लावून विचारलं, कोण आहे. बराच वेळ नुसता सूर. मग थांबला. मग दादाचा आवाज, त्या दुपारचाच, धाप लागलेला, घसा कोरडा पडलेला.

“पाळक आले का गं?”

मी म्हटलं दादा, ते येऊन गेले, तू मान हलवलीस. तो म्हणाला नाही अजून कुणी आलं नाही, तू जरा दारात जाऊन बघतेस का, इथे फार गरम होतंय.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. त्याची दुपार संपलेलीच नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळ

पाळकांच्या घरी गेले. बस म्हणाले, बसले नाही. विचारलं, त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी गेला होतात का. आधी म्हणाले, इतक्या वर्षांनी हे कशाला. पाळकबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. त्यांना ठाऊक होतं तर.

“मी जेवत होतो,” ते म्हणाले. “ताट वाढलेलं होतं. वाटलं, दोन घास खाऊन निघू. पोचलो तेव्हा तो गेला होता.”

दोन घास.

तुला दुःख होऊ नये म्हणून मान हलवल्याचं सांगितलं म्हणे. मी म्हटलं बरं, ते राहू दे. पण त्याने बोलावलं होतं ना, त्याला यायचं होतं ना तुमच्या देवाकडे? तर म्हणाले, इच्छा पुरेशी नसते, दार एका क्षणी बंद होतं आणि मग देवसुद्धा ते उघडत नाही, कारण तो न्यायी आहे. अनंत देवाविरुद्ध केलेलं पाप अनंतच असतं. वहीतलं वाचून दाखवावं तसं बोलले. मी म्हटलं, मुंगी हत्तीला चावली तर हत्ती तिला जन्मभर तुडवत बसतो का? मोठेपणा त्याचा आणि भोगायचं मुंगीने? आणि तुमचं काय, ताटावर बसून राहिलात ते पाप नव्हे? ते म्हणाले होतं, मोठं होतं, मी त्याच दुपारी गुडघे टेकून क्षमा मागितली.

आणि मिळाली?

मिळाली, म्हणाले. तोंडावर समाधान होतं. सगळं पुसलं गेलं.

म्हणजे उशीर केला त्याला माफी, आणि वाट बघितली त्याला आग. दादाने कायमचं जळायचं, कारण यांना दोन घास खायचे होते, आणि यांनी तारलेलं व्हायचं, कारण पोट भरल्यावर यांना वाईट वाटायला वेळ मिळाला. मी हे मोठ्याने बोलले. ते म्हणाले, मुली, कृपेचं गणित आपल्याला कळत नाही.

मग शेवटचं विचारलं. मला इथे कशाला बोलावलंत. तेव्हा मात्र खाली बघू लागले. टेकायला बसलं की बाकीच्यांना आपापली माणसं ऐकू येतात. यांना एकच आवाज यायचा, पाळक आले का. माफी मिळूनही यायचा. त्यांना शांतपणे टेकता येत नव्हतं. गावाजवळचे कारागीर बरेच होते, पण त्या फटीवर बाहेरच्यांचा हात बसेना. रक्ताच्या माणसानेच बुजवली तर बुजते, असं जुने लोक म्हणतात म्हणे.

दादाने मला जे शिकवलं तेच त्यांनी माझ्याकडून त्याच्यावर करून घेतलं, आणि मी त्यांना सख्ख्या काकांच्या जागी मानत होते. म्हटलं, चला, आत्ता माझ्याबरोबर चला, झडपेशी बसा आणि आलो म्हणा. एवढं एक वाक्य. ते नाही म्हणाले. आता त्याचा उपयोग नाही, आणि खोटं बोलणं पाप आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

झडपेवर पट्टी पुन्हा लावली नाही. उपासनेत गाणं सुरू झालं तेव्हा सगळ्या नळ्या आपणहून वाजल्या, भात्याशिवाय. मग मी पुढे जाऊन उभी राहिले आणि मंडळींना सगळं सांगितलं. जेवणाचं. मान न हलवल्याचं. तुमची आई, तुमचा मुलगा, तुमचा नवरा आत आहे आणि तुम्ही त्यांच्यावर पाठ शेकताय. वाटलं होतं कुणीतरी रडेल. एक तरी खुर्ची फेकेल.

सगळ्यांनी मान डोलावली. लहान मुलगी पाठ झालेली कविता म्हणते तेव्हा डोलावतात तशी. मग उठून खुर्च्या उचलल्या आणि भिंतीशी नेल्या. पाळकबाई माझा हात थोपटत म्हणाल्या, प्रत्येकजण पहिल्यांदा असंच बोलतो गं. स्वर्गात गेल्यावर आपल्याच माणसाचं दुःख दिसलं तर सुख कसं लागेल? म्हणून देव ते दुःख काढून घेतो, आपल्यातलं. इथे थोडं आधी काढून घेतो, एवढंच. तुझंही जाईल. त्यांची मुलगी आत आहे. पाळण्यातली. बाप्तिस्मा राहिला होता.

बस ना जरा, म्हणाल्या. रात्रभर झोपले नव्हते, बसले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

निघून जावं तर दादाला कुठे ठेवून जाऊ. रोज झडपेशी बसते. तो विचारतो, मी सांगते येतीलच. काय सांगू दुसरं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज गाढ झोपून उठले. छान वाटत होतं. पाठ भिंतीला चिकटलेली. खाली येऊन पाव खाल्ला, मावशींशी हवेबद्दल बोलले — आणि मग लक्षात आलं की तो सबंध वेळ ओरडत होता. मला ऐकू येत होतं. नळ गळत असावा तसं. त्रास नव्हता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पलंग भिंतीपासून ओढला. सकाळी पुन्हा भिंतीशी. मीच ओढला असणार.

दादाच्या वेण्या — त्याने घातलेल्या — त्या आठवून बघते. आठवतात. पण छातीत काही होत नाही. हलकं वाटतं. हे आपोआप होतंय. मी मागितलं नव्हतं. आणि देवाने घ्यावं तर हे घ्यावं? आग विझवता येत नाही त्याला, पण माझं रडणं —

राग धरून ठेवायचा. दोन घास. दोन घास. दोन घास.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मावशी म्हणाल्या चेहऱ्यावर तेज आलंय. आरशात पाहिलं. हसत होते.

मला माझीच भीती —

उद्या टेकायला बसले की संपलं. उद्या मलाही बरं वाटेल. मग तो विचारत राहील आणि त्याला उत्तर द्यायला कुणी — मावशींसारखी मी टाके मोजत —

रविवार, २३ नोव्हेंबर

मंडळी गातायत. मी ऑर्गनच्या मागे. झडपेचे खिळे काढले. वही गुडघ्यावर. कागद कडेने तांबूस होतोय.

पाळकांनी पाहिलं मला. गाणं थांबवलं नाही.

दादा विचारतोय, आले का. आज खरं सांगितलं. नाही दादा, ते जेवले, ते येणार नाहीत, कुणीच येणार नाही. गप्प झाला. पहिल्यांदाच. मग म्हणाला, तू नको येऊस हं. आत जागाच नाही.

रडू आलं मला. आलं! अजून आहे. तेवढ्यात —

पेटी इथेच ठेवते. झडप उघडली. हात दिसतोय त्याचा, ढकलतोय मला. लहानपणी झोपताना करायचा तसा हट्ट. म्हटलं, दादा, सरक थोडा, मला पण